हातचं राखून

रात्री दोनला उशीखाली फोन थरथरतो.
आवाज बंद असतो. आमच्या घरात तो कधी चालूच नव्हता.
तिकडे चिआतुरात पहाटेचे पाच,
आई शेगडी पेटवून बसलेली,
फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला
आणि डबा सरकू नये म्हणून मागे मक्याच्या पिठाची पिशवी.

इकडे बारीत
मी सिन्योरा इम्माकोलातांच्या पलंगाशेजारी निजते.
ब्याण्णव वर्षं, पिसासारखी झोप.
माझ्यासारख्या बाकीच्या जॉर्जियन बायका
घरी बोलायला जिन्यात जातात,
शाल गुंडाळून कुजबुजतात.
मी इथेच, गादीवर मांडी घालून
तासभर आईशी भांडते,
कानोकान खबर नाही.

सुरुवातीला तिला जमायचं नाही.
फोन हातात धरायचा असतो, असं शेजारच्या मझियानं शिकवलेलं.
(वायफायही मझियाचंच. भिंतीपलीकडून येतं,
आठवड्याला सहा अंडी.)
एका हातात फोन, मग उरलेल्या एकाच हातानं बोलणं.
'बरी आहे' म्हणायला आम्हाला दोन हात लागतात,
एका हातानं नुसतं 'आहे' होतं.
गुडघा कसा आहे?
आहे.
पैसे पोचले?
आहे.
तेव्हा कळलं,
हातचं राखून बोलणं कशाला म्हणतात.

बाबांची गोष्ट वेगळी.
मँगनीजच्या खाणीत उजव्या हाताची दोन बोटं गेली
आणि बोलण्यात बोबडेपणा आला.
माझं नाव मक्वाला, पण ते कागदावर.
घरात माझं नाव म्हणजे गालावर, खळीपाशी, दोन बोटं.
बाबा अंगठ्यानं खळी शोधतात,
पडद्यावर स्वतःच्याच गालावर,
पांढऱ्या दाढीत.

मी सात वर्षांची असताना घरात पहिला टेलिफोन आला,
काळा, तबकडीचा.
तो वाजला की मी धावायचे.
अख्ख्या घराचे कान मीच.
एका संध्याकाळी मी उचलला, ऐकला, खाली ठेवला,
आणि आईसमोर उभी राहून
माझ्या हातांनी सांगितलं की नोदार आजोबा गेले.
तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले.
कसे गेले, कधी गेले, मातीला किती वाजता,
सगळं माझ्याजवळ होतं.
धरलेल्या हातांनी मला पुढचं सांगता येईना.

आता मध्ये मी नसते.
आई खाटकाला फोन लावते, बहिणीला लावते,
माझ्यावर चिडली तर मधेच ठेवूनही देते.
हे मला आवडतं. थोडं आवडत नाहीही.

काल विचारलं,
ईस्टरला येऊ, की तिकिटाचे पैसे पाठवून देऊ?
छपराचं काम आहे.

आमच्यात 'ये' आणि 'जा' एकच खूण आहे.
उघडा तळहात.
छातीकडे आला तर ये,
छातीपासून सुटला तर जा.
आईनं हात उचलला
आणि चित्र गोठलं.

नखांत पीठ,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग,
हात तिच्या छातीपासून वीतभर लांब.
मागे बाबा,
कपाकडे निघालेले तीन बोटांचे बाबा.
मी फोन खिडकीशी नेला, परत आणला.
ती वीत कमी होईना, वाढेना.

वळून पाहिलं तर इम्माकोलाता जाग्या.
कधीपासून, कोण जाणे.
पडद्याच्या उजेडात त्यांनी आपला सुरकुतलेला हात उचलला,
अगदी तसाच, मधोमध,
आणि धरून ठेवला.
काय समजल्या, मी विचारलं नाही.

मग चित्र सुटलं.
नुसतं छत दिसत होतं,
बल्ब, ओलीचा डाग, त्याच्याकडेनं नवी भेग.
चहासाठी तिनं साखरेचा डबा उचलला होता.
तिचं बोलून झालं होतं.