माहिती देणाऱ्याचे नाव

जन्मली तेव्हा पोट्टी एक किलो सहाशे.
राळेगावच्या दवाखान्यात नर्सबाईनं
तिला कापसाच्या घडीत गुंडाळलं, वर टोपडं,
आणि जिनिंगात जन्म घालवलेला शामराव मामा
खाटेपाशी वाकून म्हणाला,
"सरकीच हाये बाप्पा, रुईतली."

झालं. तेव्हापासून सरकी.
सरकी दूध प्याली, सरकी शिंकली,
सरकीचा काटा आज दोन किलोला टेकला.

आता बारसं ठरलं, आणि पूर्ण नाव शोधायचं काम
माझ्याकडे, कारण मी आत्या,
आणि कारण ग्रामपंचायतीच्या संगणकावर
गावाची नावं मीच टाइप करते.
प्रणिताची अट एकच:
हाक मारता मारता त्या नावातून
सरकी आपोआप निघाली पाहिजे,
ओल्या शेंगेतून दाणा निघतो तशी.

मोबाइलवर तिनं दीडशे नावं काढली होती.
स्वरा. आमच्या चौकात दोन दिवसांत सोरा होईल.
शनाया मी नुसतं उच्चारून दाखवलं,
इथली माणसं म्हणतील तसं.
ती हसली, मग टाके दुखले म्हणून माझ्यावरच चिडली.
सारिका वानखड्यांच्या बकरीचं.
सरला नको: तेल सरलं, पीठ सरलं,
पोरीला रोज कशाला आठवण.
सरिता म्हटल्यावर देविदास उठून
बैलांना पाणी दाखवायला गेला.
प्रणितानं काही विचारलं नाही,
यादीतून मात्र ते दोनदा खोडलं.

मला कुणी म्हटलं नाही, बाई, कावून एवढी घासाघीस.

माझं आधारवर नाव बेबी. राशन कार्डावर बेबी.
शाळेत घालायला काका गेला होता,
गुरुजींनी विचारलं, त्याला घरातलं तेवढंच ठाऊक.
खरं नाव नंतर सांगू म्हणाला.
त्या नंतरला यंदा एकेचाळीस वर्षं झाली.
गुडघे वाजतात, चाळशी लागली,
बँकेत पुकारतात, बेबी विलास ढगे,
आणि रांगेतलं एखादं पोरगं मागं वळून
कडेवरचं लेकरू शोधतं.
आईच्या मनात माझ्यासाठी काही होतं का,
हे विचारायचं मी दर दिवाळीला पुढं ढकललं.
मग विचारायला कोणी उरलं नाही.

सरयू सापडलं ते लाइन गेलेली असताना,
अंधारात कीबोर्डवर बोटं नुसती ठेवून.
सर- पर्यंत दोघी एकाच पांदणीनं येतात.
तिथून एक शाळेत जाते,
एक अंगणात थांबते.

प्रणितानं ते तीनदा पुटपुटून पाहिलं.
देविदास म्हणाला, "नदी हाये का?"
"हाये, तिकडं वर कुठंतरी."
"फेब्रुवारीत आटत नाही ना?"
मी म्हटलं, नाही.
मला काय माहीत.

बारशाला बाया मुठी वळूनच बसल्या होत्या.
पाळण्यात वाकले, कानात कुर्रर केलं,
"सर..." म्हटलं, आणि पाठीत पहिली बुक्की बसली,
मग दुसरी, मग वानखड्यांच्या सुनेची, ती सगळ्यात जोरात.
पुढचं अक्षर हसण्यात, घुगऱ्यांच्या वाफेत
कुठं पडलं कळलं नाही.
बहुतेक पोचलं असेल.
नसेल तर शाळा पोचवेल.

सोमवारी फॉर्म उघडला.
बाळाचे नाव: मराठीत टाकलं, मग इंग्रजीत,
एकेक अक्षर बोटानं मोजून.
टोपणनावाला रकाना नाही, मी खालपर्यंत पाहिलं.
अगदी शेवटी, माहिती देणाऱ्याचे नाव.
तिथं माझं टाकलं, पूर्ण.
नातं: आत्या.

प्रिंट निघेपर्यंत पुढच्याला बोलावलं.
रहिवासी दाखला, फोटो एक कमी.