उगम : हेच यंत्र

कुताइसीत पहाटेचे चार.
ओतारीच्या भट्टीमागच्या खोलीत
पिठाच्या पोत्यांना टेकून नोड बसलाय,
जुना, पंख्याला खरखर,
आणि मझिया स्टुलावर, कोट न काढता.

डिस्क तुडुंब. तीन दिवस झाले,
शेजारचे नोड हाका मारतात, हा ओ देत नाही.
पोटात एकेचाळीस हजार सहाशे बारा मागण्या,
पुढे सरकत नाहीत, मागे परतत नाहीत.

मागणी म्हणजे काय, तर एक लांबलचक की,
अक्षर-आकड्यांची माळ,
आत काय गुंफलंय ते कुणालाच कळू नये अशी.
त्राब्झोनचा नोड विचारतो, "हे आहे का तुझ्याकडे?"
हा म्हणतो, "नाही, थांब, पुढे विचारतो,"
आणि लक्षात ठेवतो : मिळालं तर त्राब्झोनला द्यायचं.
त्राब्झोननं स्वतःसाठी मागितलं
की त्याच्याही खांद्यावर मागून कुणी टकटक केली,
ताकास तूर लागू देत नाही कुणी.
सगळं जाळं उभं आहे ते या भिडेवर.

"पुसायच्या म्हणजे काय करायचं?" ओतारी विचारतो,
हात कोपरापर्यंत पिठात.
"उधारीची वही फाडायची," ती म्हणते,
"पण उधारी आपली नाही, वसुलीही आपली नाही."
"मग फाड की."
तो पाव भट्टीच्या भिंतीला थापतो.
त्याच्या धंद्यात उत्तर दहा मिनिटांत फुगून येतं.

ती वयानुसार यादी लावते.
कालच्या, परवाच्या, गेल्या हिवाळ्याच्या.
बंद पडलेले शेजारी, बदललेले पत्ते,
मागून निघून गेलेले लोक.
सगळ्यात वर एक,
चार वर्षं दोन महिन्यांची.
दर अकरा मिनिटांनी नव्यानं विचारत आलेली
एकेका शेजाऱ्याला, न चुकता, न चिडता.
नाही. नाही. माहीत नाही. नाही.

उगमाच्या रकान्यात शेजाऱ्याचं नाव हवं.
तिथं लिहिलंय : हेच यंत्र.

म्हणजे इथून. याच स्टुलावरून.
तेव्हा इथं बाद्री बसायचा.

पोझनानच्या अलीकडे कुठंतरी ट्रक उभा करून
बाद्री जेवतोय, तिकडे रात्रीचा एक.
ती की वाचून दाखवते, पहिली आठ अक्षरं,
मग वेड्यासारखी पुढचीही आठ.
अशानं यंत्राला ओळख पटते, माणसाला नाही.
"तू मागितलेलंस. काय होतं?"
तो चावायचा थांबतो.
"एप्रिलात?"
"मार्चमध्ये."
"मार्चमध्ये इंगा बोलायची अजून माझ्याशी," तो म्हणतो,
आणि मग, "नाही गं, आठवत नाही.
सिनेमा असेल एखादा. पुसून टाक."

ती सेवा थांबवते, कॅशचा फोल्डर रिकामा करते.
सोळा सेकंद.
पंखा एकदम गप्प होतो,
तेव्हा कळतं, इतका वेळ किती ओरडत होता.

नोड पुन्हा उठतो, शेजाऱ्यांना हाळी देतो.
मागण्या : शून्य.
मग चार. मग एकोणीस. मग दोनशे सहा,
जणू दाराबाहेर रांग उभीच होती.

सव्वापाचला नोंदीत एक ओळ उमटते :
न मागितलेलं उत्तर आलं. टाकून दिलं.
कुणासाठी, ते लिहायची पद्धत नाही. नुसती की.
मझिया पुढे झुकते. एफ नऊ...
बाद्रीला वाचून दाखवलेली
एफ नऊनं सुरू होत होती की नऊ एफनं?
कागदावर तिनं काहीच उतरवलं नव्हतं.
तोंडानं म्हटलं, त्यानं ऐकलं, तेवढंच.
एकेचाळीस हजारांतलं कुणाचंही असेल.

ओतारी कीबोर्डशेजारी गरम पाव ठेवतो,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "झालं?"
"झालं."
ती फोन उचलते, परत ठेवते.
तिकडे आता सव्वादोन.