चौथ्या जागी

ओपोलेत ओद्रा नदीवर धुकं बसलं की
प्रयोगशाळेच्या काचा आतूनही ओल्या होतात.
वात्सवाफ कोट न काढताच कुपी उचलतो,
उलटी करतो.
आतलं पडत नाही.

"जमली," म्हणतो.
सात अमिनो आम्लांची साखळी, तिच्या अंगाला लागून दुसरी,
दुसरीला खेटून तिसरी, पंगत बसावी तशी,
हिच्या हायड्रोजननं तिचा ऑक्सिजन धरलेला,
आणि रात्रीतून पाण्याचा खरवस.

तीस वर्षं हाच खरवस.
औषध व्हायचं तर आधी विरघळायला हवं.
विरघळेना, म्हणून अनुदान आटलं,
दोन विद्यार्थी सोडून गेले,
त्यातल्या एकानं बेकरी काढली, ती मात्र चालते.

मी केलं ते एवढंच:
चौथ्या जागी, नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून
तिथं मिथाइल बसवलं.
'रग'चा 'रंग' व्हायला एक टिंब पुरतं,
हे त्याहून थोडं जड.

साखळी तिथं अडखळली.
मानेत लचक भरल्यासारखी एका अंगाला वळली.
शेजारणीनं हात पुढं केला
तर धरायला काही नाही,
नुसता कोपर मध्ये आलेला.

नळी चुंबकात सोडली. आलेखावर
प्रत्येक शिखराशेजारी एक बुटकं शिखर.
अशी बसू की तशी,
तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

चाळीस दिवस कुपी नितळ राहिली.
वात्सवाफनं ती उजेडात धरली,
पलीकडचा पूल तिच्यातून उलटा दिसत होता.
मी शाबासकीची वाट पाहत उभी.
"चांगली आहे," तो म्हणाला, आणि बराच वेळानं,
"पण आता ही कुणाला ओळखत नाही."

वहीत मी लिहिलं: विद्राव्यता उत्तम.
'एकत्र येणं' या रकान्यात
काय लिहायचं ते सुचेना,
तो अजून कोरा आहे.

त्याच्या निवृत्तीला केक त्या बेकरीतूनच आला.
संध्याकाळी कपाट रिकामं करताना
त्यानं एक जुनी कुपी कोटाच्या खिशात टाकली, नितळ नव्हे, दुसरी.
थांब्यावरून पाहिलं:
बसच्या खिडकीशी बसून
तो हातातलं काहीतरी उलटं करत होता.

बस पुलावर वळली.
पडलं नसणार.