सांध्याचं तेल

मिटता येईना तेव्हा कळलं
की चाकूलाही पावसाळा बाधतो.
गिर्येच्या रोपवाटिकेत, भाद्रपद सरता सरता,
पात्याच्या मुळाशी तांबूस पूड,
आंब्याचा चीक काळा होऊन बसलेला
आणि खाडीवरून आलेलं मीठ,
ज्याला कुठलीच कडी अडवत नाही.

जुनं वर्तमानपत्र पसरते. त्यावर चाकू, उघडा.
माडाची एक हीर, टोक चावून कुंचल्यासारखं केलेली.
बाटलीच्या बुचात रॉकेल.
फटीत हीर फिरवली की काय काय बाहेर येतं:
कलमाच्या पट्टीचा तुकडा,
चिरेखाणीची लाल धूळ,
एक मुंगी, सुकलेली,
आणि काहीतरी, जे तंबाखू असावं.
मी तंबाखू खात नाही.
म्हणजे ते रवळू घाड्याचं.
चार वर्षं हा चाकू साफ करतेय,
अजून तो त्यातून संपला नाही.

दिला तेव्हा काही बोलला नव्हता.
डोळ्यांत मोतीबिंदू,
काडीचा काप नि खुंटाचा काप
एकमेकांना जुळेनासे झाले होते.
संध्याकाळी पिशवीतून डबा काढावा तसा काढला,
माझ्या सुपलीत ठेवला
आणि चुना मागितला.

तेलाचं मात्र त्यानंच सांगितलेलं, आधी कधीतरी:
"देवाक घालतत तसा नाय गो बाय,
कानात घालतत तसा."
म्हणजे थेंब. एकच.
पहिल्या वर्षी मी खोबरेल घातलं, घरात तेच होतं.
मार्गशीर्षात ते गोठलं,
उघडताना अंगठ्याचं नख मोडलं,
वैशाखापर्यंत त्याची राळ झाली.
आता शिवणयंत्राचं तेल आणते, देवगडच्या स्टँडसमोरून,
लांब नाकाची छोटी बाटली.
दुकानदार विचारतो, मशीन कुठलं?
मी सांगते, बिनपायाचं.

थेंब पडला की घाई नाही.
उघड, मीट. उघड, मीट.
आधी काळं येतं, मग तपकिरी,
मग काहीच नाही असं येतं.
मूळचा खिळा कधीच झिजला;
विजयदुर्गच्या बंदरात लाँचची इंजिनं उघडणाऱ्या हनीफनं
पितळी स्क्रू बसवून दिलाय.
तो पाव फेरा आवळते.
अर्धा फेरा झाला तर पातं रुसतं,
सोडून दिला तर दातासारखं हलतं.

आणि मग पुसायचं.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या वर्षी मी तेल घालून तशीच कलमांना बसले.
साठ बांधली, सतरा धरली.
मधे तेलाचा पापुद्रा होता,
डोळ्यांना दिसला नाही,
झाडाला दिसला.
रवळू आला, रांगेतून चालत गेला,
काळ्या पडलेल्या काड्या चाचपून एकेक उपटल्या,
ओंजळीत धरल्या,
"चुलीक लागतली," म्हणाला.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणून आता जुन्या पातळाच्या तुकड्यानं
पाठ, पोट, टोक,
मग राखेनं, मग कोरड्या फडक्यानं,
मग पातं जिभेला लावून बघते,
कुणी नसताना.

गेल्या महिन्यात त्याचं ऑपरेशन झालं, कणकवलीला.
सून सांगत होती, आता सुईत दोरा ओवतो,
तांदळातले खडे काढतो, सगळ्यांना सांगत सुटतो
की भिंतीला रंग दिलाय तो हिरवा आहे, निळा नाही.
उद्या इकडे येणार आहे. सहज.

अंगठ्यानं ढकलते. टक.
मागितला तर देईन, त्याचाच आहे.
स्क्रूची खाच पुन्हा एकदा पुसते.
वर्तमानपत्रावर तेलाचं वर्तुळ पसरत
कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोपर्यंत गेलंय.
कागदाची घडी करून चुलीकडे टाकते
आणि चाकू
कमरेच्या पिशवीत, नेहमीच्या जागी.