उजव्या पुढच्या चाकापाशी

बाबा म्हणतो, "आवाज येतोय" हे काही सांगणं नव्हे.
खडखड आहे, की खटखट?
खटखट असेल तर ब्रेक दाबल्यावर एकदाच,
की खड्ड्यागणिक?

मी काच खाली करते.
मिनॉटच्या उत्तरेची उणे अकराची हवा
आत येऊन आमच्या मध्ये बसते,
जणू तिलाही विचारलंय.

चाळीस हंगाम कंबाइनच्या इंजिनाला खेटून बसून
हाल्वर स्टेन्सरूडचे कान गेले.
आधी उजवा. मग डाव्यातून चिमण्या गेल्या,
मग फोन, मग आई
(ती तशीही हळूच बोलायची).
आता ट्रकचं ऐकणं माझ्याकडे आलंय,
आणि मी शाळेत भूगोल शिकवते.

शनिवारी पुढच्या ॲक्सलचं पिनियन सील काढलं.
ते सोपं, म्हणाला, ते बोलत नाही, नुसतं गळतं.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला,
त्यावर तो पाठीवर, शेजारी मी.
शाफ्ट सोडवून तारेनं वर टांगला.
नटाला हात लावण्याआधी पंचनं ठिपके ठोकले,
नटावर, दांड्यावर, योकवर, एका रेषेत,
आणि बाहेर डोकावणारे आटे मला मोजायला लावले.
"पुन्हा मोज.
जास्त आवळलंस तर बेअरिंग जळेल,
कमी आवळलंस तर नाचेल.
होता तिथंच, आणि वर केसभर."

योक निघाला. सील घासून घासून
त्यावर एक चर पडली होती.
"डोळ्यांनी नको, नखानं बघ."
नख अडकलं.
म्हणून त्यावर पातळ पोलादी बाही चढवली,
नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं,
आणि ते ठोकत बसलो, चहूबाजूंनी थोडं थोडं,
ठोक्याचा स्वर बदलेपर्यंत.
"बदलला?"
बदलला होता. ठक्‌चं ठण्‌ झालं होतं.
त्यानं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

मग ब्रीदरची नळी उपसली.
तिच्या तोंडात कुंभारणीनं चिखलाचं घर केलेलं,
उन्हाळ्यातलं, आता गोठून दगड.
"बघ. सील बिचारं निर्दोष.
आत हवा तापते, फुगते,
वाट मिळेना की तेलाला पुढे ढकलते."
ते घर त्यानं फेकलं नाही,
खिडकीत स्पार्क प्लगच्या रांगेत ठेवलं.

रविवारी रस्त्यावर.
ताशी चाळीस मैलांच्या वर घूंऽऽ.
डावीकडे झुकव, म्हणाला. झुकवला. घूं वाढली.
उजवीकडे. विरली.
"म्हणजे उजव्या चाकाचं बेअरिंग.
अंगावर भार आला की कण्हतं."
डॅशबोर्डवर पालथा तळवा ठेवून
तो माझ्या उत्तराची खात्री करून घेत होता.

बेअरिंग बदललं. घूं गेली.
खटखट राहिली.
बॉल जॉइंटखाली पहार घालून हलवून पाहिलं: घट्ट.
टाय रॉड: घट्ट. शॉकचे बुश: बरे.
तीन संध्याकाळी तो गाडीखाली सरपटला, पंच्याहत्तरीत,
आणि मी वरून शब्द पुरवत राहिले,
खट्, नाही, खुट्, नाही, खुळुक्,
लाकडी डब्यात सुपारी हलावी तसं.

बुधवारी एकटीच दूध आणायला निघाले.
रेल्वेच्या रुळांवरून जाताना: खुळुक्.
ग्लोव्ह बॉक्स उघडला.
नकाशे, फ्यूज, एक हातमोजा,
आणि मी गेल्या मे महिन्यात घेतलेल्या
श्रवणयंत्राची डबी,
वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेली.

बराच वेळ रुळांपलीकडे गाडी उभी करून बसले.
मग डबी हातमोज्यात घातली,
हातमोजा नकाशांखाली दाबला, झाकण लावलं.

घरी आले तर तो दारात, हात पुशीत.
"गेला आवाज?"
मान हलवली.
"काय होतं?"
"काहीतरी सैल होतं," मी मोठ्यानं म्हणाले.

"काहीतरी सैल," बाबा म्हणाला,
"हे काही सांगणं नव्हे."