शेळीची वाट

निजवाच्या बाजारात शुक्रवारी, पुरतं उजाडायच्या आत,
शेळ्या गोल फिरवतात.
मालक दोरी धरून पुढे, भाव ओरडत,
गिऱ्हाईक कडेला बसून कास चाचपतं,
दात बघतं, सोडून देतं.
आम्ही तिथे चहापुरते थांबतो,
मी आणि दाऊद मुकादम,
पंप दुरुस्तीच्या दुकानातले दोघे.
पिशवीत चार लिटर पाणी, खजूर, रात्रीच्या चपात्या
आणि लसणाची चटणी, दाऊदच्या बायकोने खेडहून पाठवलेली.
तीन प्लास्टिकमध्ये गुंडाळली तरी वास येतोच.

डोंगर बाजारामागेच उभा.
पहिलं वर्षभर मी त्याला डोंगर म्हणायला तयार नव्हतो.
ना कारवी, ना गवत, ना कातळावर शेवाळाचा ठिपका.
भट्टीतून काढून तसाच टाकलेला.
दाऊद म्हणाला, "उघडा आहे म्हणून लाजू नको. हाडं बघ त्याची."
मग बघायला लागलो.
ओहोळाच्या कोरड्या पात्रात एक झाड ओळखीचं निघालं:
बोर. इथे त्याला सिद्र म्हणतात,
काटे मात्र आपल्याच भाषेत टोचतात.
आणि खूप वर, जिथे कानात दडे बसतात,
एका शिळेत शिंपला सापडला, दगड झालेला.
दाऊदने नखाने खरवडला, वास घेतला,
म्हणाला, "भरती बरीच वर आली होती रे."

जानेवारीतला तो शुक्रवार.
दोन तास चढलो आणि ढग उतरला अंगावर.
दगडांवरचे तांबडे-पिवळे पट्टे
एकेक करून पुसले गेले.
मी म्हणालो थांबू, दाऊद म्हणाला थंडीत थांबून मरू.
तेवढ्यात वर खुरांचा आवाज.
फाटक्या कानाची शेळी,
गळ्यात तुटक्या हिरव्या दोरीचं टोक.
सकाळी आमच्यासमोर विकली गेली होती ती,
पंचेचाळीस रियालला.
तिने आमच्याकडे एकदा बघितलं
आणि कामावर उशीर झाल्यासारखी चालू लागली.

आम्ही तिच्या मागे.
जिथे वाट नव्हती तिथे तिची वाट होती,
कड्याच्या पोटातून, दीड पावलाची.
दाऊद मागे काहीतरी पुटपुटत होता,
मी मोजत होतो, कशाला ते माहीत नाही.

वर सात घरं. पाच बंद.
सहाव्याच्या उंबऱ्यात एक जातं, दुभंगलेलं.
सातव्याच्या दारात मोझा नावाची म्हातारी,
आणि तिच्या गुडघ्याला कपाळ घासणारी शेळी.
म्हातारी आधी खूप हसली.
मग हसणं थांबवून बराच वेळ तिचा फाटका कान चोळत राहिली.
कहवा दिला, इवल्या कपात, वेलचीचा.
कप हलवला नाही तर ती ओतत राहते,
आम्ही मुद्दाम हलवले नाहीत.
ढग फाटला तेव्हा म्हणाली
(दाऊदला अरबी अर्धी कळते, अर्धी तो ठरवतो):
पैसे घेतलेत मी. खर्चही झालेत.
खाली जाताय तर हिला घेऊन जा.

हिरवी दोरी मीच बांधली.
दाऊद बांधेना.
पासपोर्ट त्याचा अरबाबच्या कपाटात सहा वर्षं,
तो म्हणाला, "मला गाठी जमत नाहीत,"
हा माणूस, जो रोज पंपाला वायर बांधतो.

कड्याच्या पोटातल्या वाटेवर ती चालेना.
खांद्यावर घेतली.
माझ्या मानेला तिचं पोट, ऊन, धडधडणारं.
सगळी उतरण ती एकदाही ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक खलफान, पिकअपपाशी शोधत उभा.
त्याने दोन रियाल दिले. आम्ही घेतले.
त्याचं पेट्रोल भरलं, उरल्यात आइस्क्रीम खाल्लं,
थंडीत, गाडीच्या काचा लावून, न बोलता.

अजून जातो शुक्रवारी.
बाजारात चहाला मात्र थांबत नाही.
आणि वर गेल्यावर रंगाचे पट्टे शोधत नाही आता,
लेंड्या बघत चढतो.