किती पाणी राहणार

रिक्षातून बॅग उतरवायच्या आधीच
समोरची नरसूबाई विचारते, "कधी आलीस? कधी जाऊलालीस?"
अम्मा दिवस विचारत नाही.
साखर पेठेत नळ चार दिवसांनी येतो, कधी पाच,
आणि त्यावरच ती माझं राहणं मोजते:
गेल्या खेपेला दोन पाणी राहिलीस,
त्याआधी पाच,
रघुपतीच्या लग्नात एकच, तेही कमी दाबाचं.

दिवस मी मोजले. दहा वर्षं.
आधी विद्यार्थिनी, मग नोकरी शोधणारी,
मग नवऱ्याच्या नावावर, मग कंपनीच्या,
दर कार्डावर तोच चेहरा, थोडा जास्त जागलेला.
शेवटच्या अर्जात एक तक्ता होता,
देशाबाहेर गैरहजर राहिल्याच्या तारखांचा.
गेल्याची, परतल्याची, कारण.
कारण: कौटुंबिक.
कारण: कौटुंबिक.
खरं कारण असं, की गड्ड्यातल्या पाळण्यात
अगदी वर जाऊन थांबल्यावर
सिद्धेश्वरच्या तळ्यात हलणारे दिवे मला बघायचे होते,
आणि कडक भाकरी आमटीत मोडतानाचा आवाज
ब्रॅडफर्डमध्ये कुठल्याच पिशवीतून निघत नव्हता.
पण रकाना एवढासा.
इथे हजर होते ते सगळे दिवस
तिथे खाडा म्हणून लागले.

आणि एक ओळ त्या तक्त्यात नाहीच.
त्या मार्चमध्ये अर्ज त्यांच्याकडे होता, विचाराधीन.
मधे देश सोडलात
तर अर्ज तुम्हीच मागे घेतला असं समजू.
नाना मंगळवारी गेले.
रघुपतीनं फोन कपाटाला टेकवून ठेवला होता,
मला पत्रा दिसत होता आणि पंख्याचं एक पातं.
आवाज मात्र सगळे आले,
बांबू कापल्याचा सुद्धा.
ते तेरा दिवस मी कुठेही गेले नाही.
ते तेरा दिवस
माझ्या बाजूने धरले गेले.

आता कागद आलाय. मुदत नसलेला.
अम्माला सांगितलं, परमनंट झाले.
हा शब्द तिच्या ओळखीचा, माझ्या जन्माआधीपासून.
नाना चौदा वर्षं बदली होते.
पहाटे भोंग्याआधी गेटवर,
कुणाचा खाडा पडला तर त्याच्या मागावर,
नाहीतर डबा घेऊन तसेच घरी,
आणि आम्ही पोरं खूश,
डब्यात शेंगाचटणी जास्तीची असायची.
परमनंट झाले तेव्हा अख्ख्या गल्लीत जिलबी.
चौथ्या वर्षी गेटला कुलूप.
बिल्ला अजून आहे. विड्यांच्या सुपात,
पानं उडू नयेत म्हणून ती वर ठेवते.

मान वर न करता, दोरा दाताने तोडत ती विचारते,
"परमनंट केले ते बरं झालं.
पण गिरणी नीट चालू आहे ना त्यांची?"

मी हसले.
मग जरा वेळ पानं मोजत बसले.

रात्री अडीचला नळ खाकरला.
गल्लीभर मोटारी घुरघुरायला लागल्या,
कुणीतरी कुणाच्या तरी दारावर थाप मारली, आलं, आलं,
पिंप, हंडे, नानांच्या वेळची पितळी घागर,
मी पाइप धरून उभी, चप्पल भिजलेली,
झोपेत, कुठल्या देशाच्या वेळेत कोण जाणे.
"ओकटी," अम्मा म्हणाली.
मोजायचं असलं की ती तेलुगूतच मोजते.
परतीचं तिकीट काढलेलं नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.
सांगावं म्हणून वळले,
तेवढ्यात पिंप भरून वाहायला लागलं
आणि ती ओरडली,
"लक्ष कुठाय? सांडूलालंय बघ.
पुढचं कधी येईल, कुणाला ठाऊक."